कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील खर्डेकर ग्रंथालयाच्या मामांना

आदरणीय मामा,

सा. नमस्कार.

यंदाच्या दीक्षान्त समारंभात मला पीएच.डी. मिळाली, हे तुमच्या कानावर आलेच असेल. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख जेमतेम दीड ओळीचा आहे, कारण तिथे मानाचा क्रम ठरलेला असतो आणि त्यात ग्रंथालयातील शिपाई फार खाली येतो. ती दीड ओळ मला तेव्हापासून टोचते आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकून ५५ फूट ओलांडले, तेव्हा शिरोळ तालुक्यातील आमचे घर कित्येक दिवस पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर कपाटातून माझ्या तीन वह्या निघाल्या. जात्यावरच्या ओव्या मी त्यांत म्हाताऱ्या बायकांसमोर बसून उतरवून घेतल्या होत्या आणि सांगणाऱ्यांपैकी काही जणी तोवर वारल्याही होत्या. त्या वह्या खताच्या पिशवीत घालून मी आधी जिथे गेले, त्या कचेरीचे नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी चिखलाच्या वासाने नाकाला रुमाल लावला आणि "हे टाकून द्या, नव्याने गोळा करा" असे सांगितले. मेलेल्या बायकांकडून ओव्या नव्याने कशा गोळा करतात, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

तुम्ही काहीच विचारले नाही. पिशवी हातातून घेतली, टेबलावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली आणि पहिली वही उघडली. मी वह्या गच्चीवर वाळत घालण्याचे म्हणताच तुम्ही म्हणालात, "उनात घालू नगंस पोरी, पानं वळत्यात." मग प्रत्येक दोन पानांमध्ये वर्तमानपत्राचा एक चौकोनी तुकडा, वरून पंखा आणि दर दोन तासांनी ओला तुकडा काढून कोरडा घालायचा, असे पाच दिवस चालले. चिकटलेली पाने सोडवताना तुम्ही बोटाऐवजी पोस्टकार्डाची कड वापरत होता. शाईपेनाने लिहिलेली निम्मी वही धुऊन गेली होती, परंतु बॉलपेनची आणि शिसपेन्सिलीची अक्षरे जागेवर होती. शेवटच्या दिवशी पाहिले, तर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीने बारीक क्रमांक घातला होता, "सुटलं तर जुळवाय बरं" म्हणून. पुढे दुसऱ्या वहीची शिवण खरोखरच सुटली आणि तुमच्या त्या आकड्यांनीच माझे तिसरे प्रकरण वाचवले.

तुकडे कमी पडले, तेव्हा वसतिगृहातील मुलींनी आपल्या खोल्यांतील रद्दी आणून दिली. 'कमवा आणि शिका' योजनेतील दोघा मुलांनी, स्वतःचे काम संपल्यावर, दुसरा पंखा उचलून आणला. महामार्ग शिरोलीजवळ बंद पडून शहरात दुधापेट्रोलाची चणचण झालेल्या महापुरानंतरचेच ते दिवस होते, आणि महापालिकेचे उपसा पंप बुडाले असताना विद्यापीठाच्या आवारातील पाणी टँकरने शहरात गेले होते. पुढे २०२१ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने विद्यापीठाला ३.५२ गुणांसह 'ए प्लस प्लस' श्रेणी दिली, तेव्हा मुख्य इमारतीसमोर छायाचित्रे काढणाऱ्यांत मीही होते आणि तो अभिमान खराच आहे. तरीही त्या समितीला दाखवलेल्या फायलींत रद्दीच्या त्या तुकड्यांसाठी रकाना नव्हता, हे मला त्याही दिवशी जाणवले. दुसऱ्याच्या वस्तूला तिची किंमत न विचारता जपून हात लावणारी माणसे ज्या संस्थेत असतात, तिथे शिकणे सोपे जाते, आणि अशी माणसे बहुधा पाटी नसलेल्या टेबलामागे बसलेली असतात.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. दुसऱ्या वहीच्या एका पानावर वर्तमानपत्राची शाई उमटून एका साडीच्या दुकानाची जाहिरात उलट्या अक्षरांत छापली गेली आहे, नेमकी माहेरच्या ओवीवर. मी ती खोडलेली नाही. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढू लागले, तेव्हा आईने धान्याच्या पोत्यांआधी त्या वह्या बाहेर काढल्या. प्रबंधाची प्रत आता ग्रंथालयात आहे. येत्या सोमवारी मी पेढे घेऊन येते आहे आणि सोबत ती दुसरी वहीही आणते.

आपली,
पिशवीवाली पोरगी