बाबांच्या सिगारेटीबद्दल, लीड्सहून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. थंडीची काळजी नको, जेवणही नीट चाललंय. काळा मसाला अजून अर्धा डबा शिल्लक आहे.

बाबा, ‘आता दोनच ओढतो’ म्हणालात. स्टेंटनंतर दोनही नकोत. रोज एकच ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. थोड्या धुरानेही रक्तात गुठळी धरायची प्रवृत्ती वाढते.

डॉक्टरांना विचारून निकोटिनची पट्टी लावा. आता खरंच दोनच असतील तर १४ मिलिग्रॅमची सहा आठवडे, मग ७ ची दोन. दिवसाला दहाच्या वर होत असतील तरच २१ ची सहा आठवडे, मग १४ ची दोन, ७ ची दोन. दंडावर कोरड्या, केस नसलेल्या जागी, रोज जागा बदलून. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढा.

आणि चहा निम्मा करा. धूर थांबला की कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. मग छातीत धडधडतं, झोप उडते. माणसाला वाटतं सिगारेट सोडल्याचाच त्रास, आणि पुन्हा पेटवतो. गंगापूर रोडच्या टपरीवर पहिला महिना जाऊच नका.

आई, इथली एक रीत तुला पटणार नाही. नर्स पेशंटच्या घरी जाते आणि आधी विचारते, “सिगारेटबद्दल बोललं तर चालेल का?” माणूस हार्ट अटॅकमधून उठलाय, शेजारी भरलेली राखदाणी, तरी परवानगी! नको म्हणाला तर विषय पुढच्या खेपेला. पण त्यात शहाणपण आहे: रागावलं की माणूस लपवून ओढतो, आणि लपवलेल्यावर उपाय करता येत नाही. हो म्हणाला की छोट्या यंत्रात फुंकर मारायची, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड दिसतो. सोडल्यावर एक-दोन दिवसांतच आकडा उतरतो, आणि तो बघून आजोबासुद्धा हरखतात. म्हणून बाबांचे खिसे तपासू नकोस. एखादी ओढली गेली तर ‘कधी, कुठे’ एवढंच विचार. पट्टी मात्र चालूच ठेवायची.

अँजिओप्लास्टीला आले नाही म्हणून काका बोलले ते कळलं. रजा खरंच नव्हती, आई. पंचवीस हजार पाठवलेत. आधी पट्ट्या, उरलेले मनूच्या साखरपुड्याला. माझ्या स्थळाचं तोवर राहू द्या. पहिली पट्टी कोणत्या तारखेला लावताय ते कळवा, त्या रात्री फोन करते.

तुमची,
ताई