रस्त्यावरचे फुकट पार्किंग आणि पुण्याचे पादचारी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबर हा दिवस ‘पादचारी दिन’ म्हणून साजरा करते आणि त्यासाठी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवला जातो. त्या दिवशी दुकाने उघडी असतात, गर्दी असते, खरेदी होते. लहान मुलांचा हात सोडूनही आईवडील निवांत चालू शकतात आणि वृद्ध माणसे मागून हॉर्न न ऐकता रस्ता ओलांडतात. हे घडवून आणल्याबद्दल महापालिकेचे मनापासून अभिनंदन करायला हवे. मात्र उरलेल्या ३६४ दिवसांसाठी जो निर्णय व्हायला हवा, तो शहरात कित्येक वर्षे अडलेला आहे आणि तो आहे रस्त्यावरच्या पार्किंगचा.

आपल्याकडे वाहतुकीची चर्चा नेहमी धावणाऱ्या वाहनांभोवती फिरते, पण पेठांतले रस्ते अरुंद होतात ते उभ्या वाहनांमुळे. एका मोटारीच्या पार्किंगसाठी साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरली जाते; जुन्या वाड्यांमध्ये एवढ्या जागेत एखादे बिऱ्हाड संसार करीत असे. ही जागा पुण्याच्या बहुतेक रस्त्यांवर मोटारीला दिवसभर आणि रात्रभर विनामूल्य मिळते. रस्त्याच्या एका बाजूला विषम तारखेला आणि दुसऱ्या बाजूला सम तारखेला वाहने लावण्याची पी-१, पी-२ ही पद्धत पुणेकरांच्या अंगवळणी पडली आहे, पण तिने उभ्या वाहनांची बाजू बदलते, जागा मोकळी होत नाही. याच रस्त्यावरून जाणाऱ्या पीएमपीच्या प्रवाशासाठी मात्र जून २०२५ मध्ये किमान तिकीट पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. बसमधल्या माणसाने एका टप्प्यासाठी दहा रुपये द्यावेत आणि सार्वजनिक जमीन दिवसभर अडवून ठेवणाऱ्या मोटारीने काहीच देऊ नये, हा न्याय कोणत्या तत्त्वात बसतो, हे प्रशासनाने एकदा स्पष्ट करावे.

याचा विचार पूर्वी झालेला नाही, असे नाही. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने रस्त्यावर गाडी लावण्यासाठी शुल्क घेण्याचे पार्किंग धोरण मंजूर केले. त्याच सुमारास शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेल्याचे आणि ती अंदाजे ३५ लाख लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याचे जाहीर झाले होते, त्यामुळे धोरणाला तेव्हा पुरेसे कारण होते. परंतु सर्वपक्षीय विरोध आणि आंदोलने यांच्यापुढे धोरणाची व्याप्ती प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरती कमी करण्यात आली आणि मग तो प्रयोगही कागदावरच राहिला. धोरण चुकीचे ठरले म्हणून मागे घेतले असते तर गोष्ट वेगळी होती. ते कधी तपासूनच पाहिलेले नाही.

दरम्यान रस्ते रुंद करणे आणि उड्डाणपूल बांधणे यांवर आपण भरपूर खर्च केला. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून पंधरा वर्षे होण्याच्या सुमारास, २०२० मध्ये, मेट्रोच्या कामासाठी पाडावा लागला. डिसेंबर २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांची सेवा पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर सुरू झाली. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका काढून टाकताना तेथील कोंडीचे कारण सांगितले गेले, म्हणजे साठ-सत्तर प्रवासी नेणाऱ्या बसची जागा एकेक माणूस नेणाऱ्या मोटारींना दिली गेली. मोकळी केलेली प्रत्येक जागा थोड्याच काळात नव्या वाहनांनी भरते, हा जगभरातल्या शहरांचा अनुभव आहे, आणि नव्या पुलाखालच्या चौकात संध्याकाळी उभे राहिल्यास तो पुण्यातही दिसतो.

व्यापाऱ्यांचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. गाडी लावायला जागा नसेल तर ग्राहक येणार नाही, ही भीती त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लक्ष्मी रस्त्यावर किंवा तुळशीबागेत आजही दुकानाच्या दारात मोटार लावून खरेदी करणारे ग्राहक थोडे. बाकीचे मंडईजवळच्या मिनर्व्हा किंवा आर्यन वाहनतळावर गाडी लावून, रिक्षाने किंवा बसने येऊन पुढे पायीच जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई या स्थानकांमुळे मेट्रो थेट बाजाराच्या पोटात आली आहे. दुकानापुढची जागा सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच गाडीने, बऱ्याचदा दुकानातल्याच कोणाच्या तरी गाडीने, अडवण्यापेक्षा तासाच्या शुल्कामुळे तिथे दिवसात अनेक ग्राहकांना थांबता आले, तर नुकसान कोणाचे होईल? मालाचे टेम्पो, रिक्षा, दिव्यांग व्यक्तींची वाहने आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी राखीव जागा आणि वेळा ठरवाव्या लागतील, याबद्दल दुमत नसावे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: बस वेळेवर येत नाही, मग माणसाने दुचाकी घेतली तर त्याला दोष का द्यायचा? दोष अजिबात देऊ नये. दुचाकी हा इथल्या नोकरदारांचा आणि विद्यार्थ्यांचा नाइलाज आहे, आणि म्हणूनच शुल्क व्यापलेल्या जागेच्या प्रमाणात असावे, म्हणजे दुचाकीवरचा भार नाममात्र राहील. सायकलीला शुल्क नसावे. या शहराला कधीकाळी सायकलींचे शहर म्हणत आणि जिथे सायकल मार्ग बांधले, तिथेही आज वाहनेच उभी असतात.

जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून मोटार घेणाऱ्याला ती ठेवण्यासाठी रस्त्याबाहेर जागा असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. आपल्या राज्याच्या परिवहनमंत्र्यांनीही २०२५ मध्ये अशा अटीचा विचार जाहीर केला होता. तो विचार तडीस गेला पाहिजे, पण आधीच रस्त्यावर असलेल्या लाखो वाहनांना तो लागू होणार नाही, त्यामुळे शुल्काचा प्रश्न टाळता येत नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. पेठांत ही रुंदी कशी मिळणार, असे अभियंते विचारतात; उभ्या मोटारींची एक रांग कमी केली की अडीच मीटर मिळतात. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून महापालिकेने हे आधी करून दाखवले आहे.

तेव्हा २०१८ च्या धोरणातला पाच रस्त्यांचा प्रयोग आता सुरू करावा आणि त्यात लक्ष्मी रस्ता असावा. मिळणारे शुल्क महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत जमा न करता वेगळ्या खात्यात ठेवावे, ते त्याच भागातील पदपथ आणि बसफेऱ्या यांवरच खर्च व्हावे आणि त्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी क्षेत्रीय कार्यालयात लावावा. वसुली ठेकेदाराकडे दिल्यास दरपत्रक प्रत्येक चौकात मराठीत, ठळक अक्षरांत असावे, कारण २०१८ मध्ये लोकांच्या रागामागे मनमानी वसुलीची भीतीही होती आणि ती दूर करणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे.

आपला,
एक पादचारी, सदाशिव पेठ, पुणे