शंभर डेटाबेस एकाच जागी आणताना

महोदय,

सगळ्या शाखांची माहिती एका मध्यवर्ती डेटाबेसमध्ये क्षणोक्षणी जमा व्हावी, असे सुचवणारा लेख आपल्या अंकात वाचला. डेटाबेस सांभाळणे हेच माझे काम, म्हणून राहून गेलेली बाजू कळवतो.

चार-पाच डेटाबेसपर्यंत सारे सुरळीत चालते. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे एका डेटाबेसमधले बदल दुसरीकडे आपोआप पोचवण्याची सोय, २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून अंगभूत आहे. प्रत्येक स्रोतासाठी, म्हणजे शाखेच्या डेटाबेससाठी, केंद्रावर एक सबस्क्रिप्शन (बदल मागवणारी जोडणी) आणि निदान एक वर्कर (ते बदल उतरवून घेणारी प्रोसेस) लागतो. असे वर्कर मूळ सेटिंगमध्ये चारच. तो आकडा वाढवता येतो, म्हणून सगळे निर्धास्त असतात.

खरी अडचण स्रोताकडे आहे. एकाच सर्व्हरवर शंभर डेटाबेस असले तरी बदलांचा लॉग, म्हणजे नोंदवही, सगळ्यांचा मिळून एकच असतो. स्लॉट, म्हणजे लॉग केंद्राला कुठवर पोचला याची खूण, मात्र डेटाबेसनिहाय. त्यामुळे शंभर प्रोसेस तोच अख्खा लॉग वाचतात आणि आपल्या डेटाबेसचे नसलेले बदल टाकून देतात. एकच काम शंभरदा होते! अशाने प्रोसेसरचा दम निघतो, आणि केंद्राचे यंत्र कितीही मोठे घेतले तरी इथे त्याचा उपयोग नाही.

केंद्र बंद पडले तर स्रोत आपला लॉग पुसत नाही, डिस्क भरत जाते. तेराव्या आवृत्तीपासून यावर मर्यादा घालता येते, पण ती मुळात घातलेली नसते. आणि घातली, तर ती ओलांडताच स्लॉट बाद होऊन डेटा पुन्हा पहिल्यापासून आणावा लागतो. शिवाय टेबल दोन्हीकडे स्कीमासकट (स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला टेबलांचा गट) त्याच नावाचे लागते. म्हणजे सगळ्या शाखांच्या नोंदी केंद्रात एकाच टेबलात येतात, दोन शाखांची नोंद क्रमांक १ एकमेकांवर आदळते आणि ते सबस्क्रिप्शन तिथेच अडते. तोवर त्या स्रोताचा लॉग साचतच राहतो.

मायएसक्यूएल हे दुसरे डेटाबेस सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही सांगतो: तिथे एका रेप्लिकाला (प्रत घेणाऱ्या केंद्राला) जास्तीत जास्त २५६ चॅनेल, एका स्रोताला एक.

शाखा एकाच सर्व्हरवर असतील तर शंभर डेटाबेसऐवजी एका डेटाबेसमध्ये शंभर स्कीमा करा. एक स्लॉट पुरतो, नावेही भिडत नाहीत. शाखा वेगवेगळ्या सर्व्हरवर असतील तर प्रायमरी की मध्ये (प्रत्येक नोंदीच्या एकमेव ओळखीत) शाखेचा क्रमांक पहिल्या दिवसापासून हवा. आणि चाचणी दोन शाखांवर उरकू नका. सगळ्या जोडा, केंद्र दिवसभर बंद ठेवा आणि स्रोतांच्या डिस्क मोजा.

आपला,
एक डेटाबेस प्रशासक