‘वजन कमी करून या’ हा पीसीओएसवरचा उपचार नव्हे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

पाळी दोन-दोन, अडीच-अडीच महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात आणि जेवण बेताचे असूनही वजन वाढत जाते, ही तक्रार घेऊन मी वयाच्या सतराव्या वर्षापासून तीन निरनिराळ्या डॉक्टरांकडे गेले आणि तिन्ही ठिकाणी मला जवळजवळ एकाच शब्दांत उत्तर मिळाले : ‘आधी वजन कमी करून या.’ पीसीओएसचे, म्हणजे ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ या संप्रेरकांच्या विकाराचे, रीतसर निदान झाले ते एकोणतिसाव्या वर्षी. मधली बारा वर्षे कशी गेली आणि ती वाचवता आली असती का, याविषयी आपल्या वाचकांना, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींच्या आयांना, काही सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे ज्याला सर्रास ‘पीसीओडी’ म्हटले जाते, त्या विकाराच्या निदानाचे निकष २००३ साली रॉटरडॅम येथे ठरले. पाळीची अनियमितता, अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकाचे वाढलेले प्रमाण किंवा त्याची अंगावर दिसणारी लक्षणे, आणि सोनोग्राफीत आढळणारी अंडाशयाची विशिष्ट रचना, या तीनपैकी दोन गोष्टी असाव्यात आणि थायरॉइडचा विकार, प्रोलॅक्टिन या दूध निर्माण करणाऱ्या संप्रेरकाची वाढ अशी इतर कारणे तपासून बाजूला काढलेली असावीत, असे ते निकष सांगतात. वजनाचा त्यांत कोठेही उल्लेख नाही. पहिल्या दोन गोष्टी माझ्याकडे सतराव्या वर्षीच होत्या. माझ्यासोबत शिकवणारी एक मैत्रीण अगदी सडपातळ आहे, आणि तिला तर ‘तुझा बांधा चांगला आहे, तुला काय होणार’ असे सांगून परत पाठवले गेले होते. जाड मुलीला वजनावरून परतवायचे आणि बारीक मुलीलाही वजनावरूनच परतवायचे, याला तपासणी कसे म्हणावे?

एक आठवण येथे सांगितलीच पाहिजे. नववी-दहावीत असताना माझी मान मागून काळवंडली होती. तो मळ आहे असे समजून आई दर रविवारी डाळीचे पीठ आणि लिंबू लावून मान घासायची. कधी कधी वज्रीनेही घासायची आणि कातडी लाल होऊन मी रडायचे. तो मळ नव्हता. मानेवर, काखेत त्वचा अशी जाड आणि मखमलीसारखी काळी होणे हे बहुतेक वेळा रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचे लक्षण असते. शरीर दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते; हे जादा इन्सुलिन अंडाशयाला अधिक अँड्रोजेन बनवायला लावते आणि त्या अँड्रोजेनला रक्तात बांधून ठेवणारे, यकृतात तयार होणारे प्रथिन कमी करते. त्यातून बीजांडे पूर्ण पिकत नाहीत आणि पाळी लांबते. सोनोग्राफीच्या अहवालातील ज्या ‘गाठीं’ना आपण घाबरतो, त्या गाठी नसून वाढ अर्धवट राहिलेल्या बीजांडांच्या सूक्ष्म पिशव्या असतात. वजन वाढले की इन्सुलिनची ही अडचण आणखी वाढते. वजनाचा संबंध आहे तो असा, आणि तो मला एकोणतिसाव्या वर्षापर्यंत कोणीही समजावून सांगितला नाही.

शेवटी ज्या डॉक्टरबाईंनी निदान केले, त्यांनी वजनकाट्याआधी पोटाचा घेर मोजला, कारण भारतीय स्त्रियांत तो ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढतो. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर तपासायला सांगितली. माझी उपाशीपोटीची साखर ९२ होती, म्हणजे निर्दोष. दोन तासांनंतरची मात्र १६४ निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. केवळ उपाशीपोटीची तपासणी करून मी वर्षानुवर्षे निर्धास्त राहिले असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ही तपासणी निदानाच्या वेळी, वजन कितीही असले तरी, करावी असे सांगतात. पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबू देऊ नये, हेही त्याच दिवशी कळले. गर्भाशयाचे अस्तर साचून जाड होत राहिले, तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. लग्नानंतर आपोआप सुरळीत होईल, असे म्हणणाऱ्या आमच्या नातेवाइकांना यातले काहीच ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

वजनाबाबत बाईंनी पहिल्या वर्षासाठी फार मोठे उद्दिष्ट दिले नाही. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के कमी झाले तरी पुष्कळ फरक पडू शकतो, असे त्यांनी सांगितले. अमुक एकच आहार पीसीओएसवर सर्वांत चांगला, असे आजवर सिद्ध झालेले नाही. म्हणून घरचेच जेवण ठेवले, फक्त भाकरी दोनावरून एक केली, मटकी-चवळीची उसळ वाढवली आणि संकष्टी-एकादशीची साबुदाण्याची खिचडी बंद केली. उपवासाच्या नावाखाली निव्वळ पिष्टमय पदार्थ पोटभर खाल्ले जातात, हे मला त्याआधी कधी जाणवलेच नव्हते. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम, याला औषधांची जोड मिळाली. वर्षभरात ७८ किलोंचे ७२ झाले. एवढ्या फरकाची कोणी बाहेर दखलही घेतली नाही, परंतु पाळी पस्तीस-चाळीस दिवसांवर आली आणि दोन तासांनंतरची साखर १३० च्या आत उतरली. मधले चार महिने काटा जराही हलला नव्हता. त्या काळात मला धीर देणारे कोणी नसते, तर मी सगळे सोडून दिले असते, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

याच निराशेच्या काळात ‘एकवीस दिवसांत पीसीओडी मुळापासून बरा’ अशा जाहिराती मुलींना गाठतात. मीही दोन वेळा पैसे घालवले आहेत. पीसीओएस आटोक्यात ठेवता येतो. तो कायमचा नाहीसा करणारा उपाय आज उपलब्ध नाही. पाळीच्या तक्रारी किंवा लठ्ठपणा दूर करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. तरीही अशा जाहिराती छापून येतात, म्हणून आपल्या वृत्तपत्राने तरी त्या स्वीकारू नयेत, अशी माझी विनंती आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि आता उलट प्रकारही पाहते. पाळी सुरू होऊन दोन वर्षेही न झालेल्या मुलीची सोनोग्राफी होते आणि तिच्यावर ‘पीसीओडी’चा शिक्का बसतो. वास्तविक पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, कारण त्या वयात अंडाशय तसे दिसणे स्वाभाविक असते. अशा मुलीच्या पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात, तिचा रक्तदाब आणि पोटाचा घेर मोजावा, तिची मान पाहावी आणि वर्षभराने पुन्हा तपासावे. यासाठी मोठ्या शहरातील महागडे रुग्णालय लागत नाही. शाळांमध्ये आरोग्य तपासणीसाठी पथके येतात, तेव्हा उंची आणि वजन लिहून घेतले जाते; त्याच वहीत पाळीच्या अंतराचा एक रकाना वाढवावा आणि ज्या मुलीची लक्षणे तशी दिसतील तिला ग्रामीण रुग्णालयात ग्लुकोजच्या तपासणीसाठी चिठ्ठी द्यावी, अशी आरोग्य विभागाला आपल्यामार्फत विनंती करते.

आपली,
एक शिक्षिका, सांगली जिल्हा