‘मनुका अर्धी वाटी’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की पुरवण्यांतून फराळाच्या आणि नाताळ जवळ आला की केकच्या पाककृती येऊ लागतात. मैदा ग्रॅममध्ये, साखर ग्रॅममध्ये, बेकिंग पावडर सपाट चमच्याने, इथपर्यंत सगळे काटेकोर असते. मग शेवटची ओळ येते: ‘मनुका अर्धी वाटी, आवडीनुसार सुका मेवा’. केक फसतो तो पुष्कळदा याच ओळीत. कोणती मनुका, कोरडी की भिजवलेली, घालायची कधी, यातले काहीच तिथे नसते. ही ओळ नीट लिहिली जावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे बेदाणा वेगळा, मनुका वेगळी. बेदाणा बिनबियांच्या द्राक्षांचा, हिरवट किंवा पिवळा, पातळ सालीचा. मनुका काळी, टपोरी, जाड सालीची आणि बऱ्याचदा बी असलेली. इंग्रजीतून आलेल्या पाककृती या दोघांनाही सरसकट ‘मनुका’ म्हणतात. वाचक इमानाने काळी मनुका आणतो आणि मऊ केकमध्ये कचकन बी दाताखाली येते. बेकिंगमध्ये म्हणायचे असते ते बहुतेक वेळा बेदाणेच. काळे बिनबियांचे बेदाणेही मिळतात, ते खुशाल घ्यावेत; मात्र साल जाड असेल तर भिजवायला दहा मिनिटे जास्त द्यावीत.

सांगली-तासगावच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिकडे द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. द्रावणामुळे सालीवरचा मेणचट थर सैल होतो आणि आतले पाणी लवकर निघून जाते. पिवळ्याधमक मालाला वरून गंधकाची धुरी दिलेली असते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तयार बेदाण्यात शंभर ग्रॅममागे साठाहून अधिक ग्रॅम साखर आणि पंधराच्या आसपास पाणी उरते. हे पाणी लक्षात ठेवावे, पुढचे सगळे त्यावरच आहे. बेदाणा ओल्या पदार्थात गेला की पाणी ओढतो, कोरड्या पदार्थात गेला की पाणी सोडतो. केक कोरडा पडतो आणि चिवडा सादळतो तो एकाच कारणाने.

केकचे बघू. कोरडे बेदाणे तसेच टाकले तर ते आजूबाजूचा ओलावा शोषून घेतात. दुसऱ्या दिवशी केक कापला की बेदाणा वातड आणि त्याच्याभोवतीचा केक भुसभुशीत झालेला असतो. म्हणून शंभर ग्रॅम बेदाणे धुऊन बुडतील इतक्या कोमट पाण्यात पंधरा ते वीस मिनिटे ठेवावेत, चाळणीत निथळून फडक्यावर पसरावेत आणि वरून दुसऱ्या फडक्याने टिपावेत. बोटाला पाणी लागता कामा नये. रात्रभर भिजवायची सवय अनेकांना असते, ती चुकीची. बेदाणा फुगून फुटतो, गोडी पाण्यात उतरते आणि पचपचीत दाणे केकमध्ये ओलसर डाग पाडतात. पाण्याऐवजी संत्र्याचा रस घेतला तर चव छान येते. रस बेदाणे जेमतेम भिजतील एवढाच घ्यावा.

‘मैद्यात घोळवले की तळाशी बसत नाहीत’ हा सल्ला सगळीकडे असतो. तो निम्माच खरा आहे. मैदा वरचा ओलसरपणा टिपतो आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. मिश्रणच पातळ असेल तर मैद्यात लोळवलेला बेदाणाही तळ गाठतो. मिश्रण चमच्यावरून धारेसारखे न वाहता जाडसर पट्टीसारखे पडले पाहिजे आणि ती पट्टी क्षणभर वर दिसली पाहिजे. अंड्याशिवायच्या दह्याच्या केकला १९० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम घट्ट दही, १२० मिली तेल, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा हे प्रमाण शंभर ग्रॅम बेदाणे पेलते. दही पातळ असेल तर आधी पंधरा मिनिटे फडक्यात निथळावे. साखर एरवी १५० ग्रॅम लागते तिथे १२० पुरते, कारण उरलेली बेदाण्यांतून येतेच. घोळवायला लागणारा चमचाभर मैदा याच १९० ग्रॅममधून काढावा, वरचा घेऊ नये. ओव्हनमध्ये १८० अंशांवर हा केक ४० ते ४५ मिनिटांत होतो.

कुकरमध्ये किंवा कढईत केक करणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे आच खालून येते. तळाशी बसलेला बेदाणा भांड्याला चिकटतो, त्यातली साखर करपते आणि सगळ्या केकला कडवट वास लागतो. म्हणून आधी तिसरा हिस्सा मिश्रण बेदाण्यांशिवाय ओतावे आणि उरलेल्यात बेदाणे मिसळून ते वर घालावे. ओव्हनमध्ये उलटे होते, वर डोकावणारे दाणे जळून कोळसा होतात. ते चमच्याच्या टोकाने आत दाबायचे. फोटोसाठी वर बेदाणे पेरायची हौस असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत पेरावेत.

पावात किंवा गोड बनमध्ये ३०० ग्रॅम मैद्याला ७५ ते ९० ग्रॅम बेदाणे भरपूर होतात. ते पीठ मळून झाल्यावर, शेवटच्या मिनिटभरात घालायचे. आधी घातले तर मळताना चिरडतात, त्यांची साखर पिठात उतरते, पीठ चिकट आणि मळकट होते आणि यीस्टही मंदावते. हातात येणारे पीठ आधीच सैल असेल तर पहिल्यांदा फुगून आल्यावर ते पोळीसारखे थापावे, बेदाणे पसरावेत आणि घडी घालून वळावे. नानकटाई आणि बिस्किटांसाठी मात्र भिजवायचे नाहीच. कोरडे बेदाणे बारीक चिरून घालावेत आणि तीन-चार दिवसांत संपवावे. बेदाण्यांचे बिस्किट डब्यात मऊ पडतेच, त्यात करणाऱ्याचा दोष नसतो.

आता फराळ. पातळ पोह्यांचा चिवडा चौथ्या दिवशी मऊ पडला की खापर पोह्यांवर किंवा डब्यावर फुटते. खरा गुन्हेगार बेदाणा असू शकतो. भाजलेल्या पोह्यांत पाणी जवळपास नसते, ते बेदाण्यातून ओढून घेतात. आठवड्याने पोहे सादळलेले आणि बेदाणे खड्यासारखे, अशी दुहेरी फजिती होते. अर्धा किलो पोह्यांना ५० ग्रॅमच्या वर बेदाणे घालू नयेत, आणि चिवडा दहा-पंधरा दिवस ठेवायचा असेल तर बेदाणे वेगळ्या बरणीत ठेवून वाढताना मिसळावेत. दिसायला साधा उपाय आहे, पण याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही.

तुपात परतताना आच मंद हवी. आतल्या पाण्याची वाफ होते आणि बेदाणा फुग्यासारखा टम्म फुगतो. फुगला की लगेच झाऱ्याने बाहेर काढायचा. कढईतच राहिला तर पुढच्या काही सेकंदांत तपकिरी होऊन कडू लागतो. शिऱ्यात हे बेदाणे वाफ आणण्याआधी मिसळावेत. बेसनाच्या किंवा रव्याच्या लाडवात भिजवलेला बेदाणा कधीही नको. तो जिथे टोचलेला असतो, तिथूनच बुरशी धरते. खिरीत आणि बासुंदीत बेदाणे गॅस बंद करून, दूध थोडे निवल्यावर घालावेत. बेदाण्याला अंगचा आंबटपणा असतो. उकळत्या दुधात आंबटसर माल पडला तर दूध फाटू शकते.

बाकी सुक्या फळांबद्दल थोडक्यात. खजूर आणि खारीक एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाककृतीत खजूर असेल आणि घरात खारीक असेल तर ती बिया काढून सहा ते आठ तास भिजवावी लागते, नाहीतर पूड करून लाडवात वापरावी. खजुराच्या केकसाठी २०० ग्रॅम बिनबियांचा खजूर चिरून, २०० मिली उकळत्या पाण्यात एक छोटा चमचा सोडा घालून अर्धा तास ठेवावा. सोड्याने साल विरघळल्यासारखी मऊ होते आणि केकला गडद रंग येतो. हा सोडा पाककृतीच्या हिशेबात धरावा, वर आणखी घातला तर साबणासारखी चव लागते. जर्दाळू केशरी दिसतो तो गंधकामुळे. तपकिरी जर्दाळू दिसायला डावा, चवीला उजवा. तोही बेदाण्यासारखाच भिजवावा, फक्त आधी बेदाण्याएवढे तुकडे करून. सुक्या अंजिराचा देठ कापून टाकावा, तो कितीही भाजला तरी चिवटच राहतो. टुटीफ्रुटी ही पाकवलेली कच्ची पपई. तिला ‘ड्रायफ्रूट’ म्हणून विकतात ते विकोत, पाककृतीत तरी तसे छापू नये.

तेव्हा विनंती अशी की साहित्याच्या यादीत ‘मनुका अर्धी वाटी’ऐवजी ‘बिनबियांचे बेदाणे ५० ग्रॅम, कोमट पाण्यात १५ मिनिटे भिजवून, निथळून, पुसून’ असे छापावे. आणि चिवडा-लाडू असेल तर ‘कोरडे’ हा एक शब्द तरी. वाटी प्रत्येक घरात वेगळी असते. १५० मिलीच्या वाटीत बेदाणे सैल भरले तर शंभरेक ग्रॅम बसतात, दाबून भरले तर त्याहून बरेच जास्त.

कळावे,
एक वाचक, मिरज

ता. क. : जुन्या बेदाण्यांवर पांढरे दिसले की लोक बुरशी समजून फेकून देतात. आधी बोटांत चोळून पाहावे. कणीदार लागले आणि कोमट पाण्यात विरघळले तर ती बेदाण्याचीच साखर असते, माल चांगला आहे. मऊ, लवदार असेल आणि कुबट वास येत असेल तर ती बुरशी. मग धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नये. हवाबंद बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवले तर हिरव्या मालाचा रंगही बरेच दिवस टिकतो. बाहेर तो तपकिरी पडतो, पण केकला त्याने काही बिघडत नाही.