वेल्ह्याच्या वेल्डिंगवाल्या काकांना, फूटपेगबद्दल

काका, नमस्कार.

तुमच्याकडे बटणांचा फोन आहे त्यामुळे हे तुमच्या मुलीच्या मोबाईलवर पाठवतोय, ती वाचून दाखवेल. आणि इथे सगळ्यांना दिसेल असं पण टाकतोय, कारण त्या दिवशी पैसे देऊन, चहा पिऊन मी निघालो आणि जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते आत्ता बोलतो.

जून संपत आला होता, मी आणि माझा मामेभाऊ केळदच्या बाजूला मढे घाटाकडे गेलो होतो, त्या वेळी तो रस्ता म्हणजे अर्धा डांबर अर्धा ओढा. माझी गाडी २०० सीसीची, रोज ऑफिसला पण तीच आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात पण तीच. कंपनीचे फूटपेग, म्हणजे गाडीवर पाय ठेवायच्या आडव्या दांड्या (तुम्ही त्याला फुटरेस म्हणता), अरुंद होते, जेमतेम ३० एमएम रुंदीचे, वर रबर. खराब रस्त्यावर उभं राहून चालवायचं म्हटलं की अर्ध्या तासात पायाच्या कमानीत कळ यायची आणि चिखल लागला की रबरावरून बूट सटकायचा. म्हणून मी ऑनलाइन रुंद दातेरी पेग मागवले होते, ३,२०० रुपयांचे, दिसायला एकदम भारी. ॲल्युमिनियमचे ओतीव. घेताना मला ओतीव (साच्यात ओतलेलं) आणि घडीव (ठोकून, दाबून घडवलेलं) यातला फरक माहीतच नव्हता, तुम्ही सांगितल्यावर कळला.

उतारावर एका दगडावरून चाक उतरलं, मी उभाच होतो, सगळं वजन उजव्या पायावर आलं आणि उजवा पेग पिनेजवळच्या कानातून (पिन जाते त्या भोकाच्या पाळीतून) कटकन तुटला. वाकला नाही, काही इशारा नाही, सरळ तुटला. नडगीला जी खोक पडली तिचा वण अजून आहे. तिथून वेल्ह्यापर्यंत उजवा पाय मागच्या सीटच्या फुटरेसवर ठेवून आलो, म्हणजे मागचा ब्रेक नाही, फक्त पुढचा, ओल्या उतारावर. जीव मुठीत धरून आलो हो.

तुमचं शेड दिसलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुम्ही कुणाच्या तरी कुळवाला पास बसवत होतात. मी दमलो होतो, रक्त आलं होतं, मी म्हटलं काका तुकडा आहे माझ्याकडे, जसं आहे तसं वेल्ड मारून टाका, नाहीतर सरळ ब्रॅकेटलाच (फ्रेमवर पेग ज्यात बसतो त्याला) एखादा पाइप चिकटवून द्या, घरी जायचंय. तुम्ही तो तुकडा हातात घेतला, तुटलेली बाजू उजेडात धरली आणि म्हणालात, "नाही मारणार."

माझे आभार खरं तर या दोन शब्दांबद्दल आहेत काका.

दुसऱ्या कुणी मारून दिलं असतं. दीडशे रुपये घेतले असते, मी पण खूश होऊन गेलो असतो. तुम्ही मला बाकड्यावर बसवलंत, काकूंनी हळद आणि कोरा चहा आणून दिला, आणि तुम्ही समजावून सांगितलंत. तुमच्याकडच्या रॉडने ॲल्युमिनियम धरणार नाही, आणि ओतीव माल कुणी जोडून दिला तरी पायाखाली ठेवायच्या लायकीचा राहत नाही. तुटलेल्या जागी तुम्ही बोट ठेवून दाखवलंत, आत बारीक बारीक पोकळ्या होत्या, साखरेच्या खड्यासारखं दिसत होतं. आणि ब्रॅकेटला पाइप का चिकटवायचा नाही, तर तो दुमडणार नाही म्हणून. गाडी आडवी झाली, पेग दगडात अडकला, तर एकतर फ्रेमचं ब्रॅकेट उपटणार नाहीतर पाय मध्ये सापडणार. "फुटरेस वर आणि मागं दुमडायलाच पायजे, उगं नाय कंपनीनं स्प्रिंग दिलेली." हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून निदान दहा जणांना सांगितलंय.

मग तुम्ही घरी जाण्यापुरता एक साधा पेग करून दिलात, भंगारातला लोखंडी बार, त्याला एक खाच, एक भोक, पिन आणि स्प्लिट पिन. त्याचे पैसे घेतले नाहीत. फक्त सांगितलंत की यावर उभं राहायचं नाही, बसूनच जायचं, आणि कंपनीचे जुने पेग घरी असतील ते घेऊन रविवारी ये.

रविवारी मी आलो तो दिवस मला पूर्ण आठवतो. मी आयटीत काम करतो, हाताने काही बनताना इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. बाकीच्यांनाही उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो, काका तुम्हाला हे सगळं माहीतच आहे.

कंपनीच्या जुन्या पेगचा वरचा भाग तुम्ही कापून टाकलात आणि पिनेजवळचा भाग मात्र तसाच ठेवलात, कारण तो घडीव पोलादाचा, त्याचं भोक आणि माप नेमकं. कापायच्या आधी तुम्ही मला त्याची खालची टाच दाखवलीत. मला वाटायचं सगळं वजन पिनेवर असतं. तुम्ही म्हणालात पिनेवर जोर येतोच, पण ती बिजागरी, पेगला आडवा धरते ती ही टाच, ती पिनेच्या खाली ब्रॅकेटला टेकते. ती घासली गेली की पेग खाली लोंबायला लागतो आणि मग लोक स्प्रिंगला दोष देतात. तिच्यावर वेल्डचा एक थर चढवून कानशीने मापात आणली की पेग परत सरळ. कितीतरी लोक यासाठी नवीन पेग विकत घेतात!

नंतर वेल्डिंगच्या जागेवरचं क्रोम तुम्ही ग्राइंडरने पूर्ण काढलंत, शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, तोंडाला मास्क लावून, आणि मला लांब जायला सांगितलंत. घरी येऊन वाचलं तर क्रोम वेल्डिंगच्या आचेत जळलं की जो धूर होतो त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडावर वेल्ड मारलं की रात्री थंडीताप भरतो हे तुम्ही अनुभवाने सांगितलंत, त्यालाही नाव आहे, मेटल फ्यूम फिव्हर. जे घरी करून बघणार आहेत त्यांनी हे वाचून सोडून देऊ नका प्लीज.

पाय ठेवायची चौकट तुम्ही साध्या एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पट्टीची केलीत, ५ एमएम जाड, एक इंच रुंद, पट्टी उभी ठेवून. मी विचारलं साधंच लोखंड का, तर म्हणालात ते तुटायच्या आधी वाकतं, वाकलेलं डोळ्याला दिसतं, माणूस सावध होतो. त्या दगडावर मला नेमकं तेच मिळालं नव्हतं. चौकट ५५ एमएम रुंद, मध्ये एकच आडवी पट्टी, बाकी सगळं मोकळं म्हणजे चिखल खाली पडून जातो. वरच्या कडेला तिकोनी कानशीने दाते पाडले, ते मी पाडले, दोन तास लागले, आणि तुम्ही प्रत्येक दाता बोटाने तपासलात. बाहेरच्या कोपऱ्यातले दाते मात्र घासून गोल करायला लावलेत, गाडी ढकलताना नडगी तिथेच आपटते म्हणून. रुंदी वाढवली ती मागच्या बाजूला, पुढे नाही, नाहीतर बूट ब्रेकच्या पेडलला अडतो. उंची १० एमएम खाली घेतली, माझे पाय लांब आहेत ते तुम्ही मला गाडीवर बसवून, उभं करून बघितलंत. बाहेरचं टोक किंचित वर ठेवलंत, उभं राहिल्यावर ते बरोबर लेव्हलला येतं.

सगळ्यात मला आवडलं ते टॅक मारायचं, म्हणजे पूर्ण वेल्डच्या आधी तात्पुरते छोटे ठिपके मारायचं. भोकात पिन घालूनच टॅक मारले, म्हणजे आचेने कान आत ओढले गेले तरी पिन जाम होणार नाही. एक टॅक इकडे, एक समोर, मग गुण्या लावून बघायचं, मग ब्रॅकेटमध्ये बसवून दुमडून बघायचं, किक पूर्ण खाली जाते का बघायचं, आणि मगच पूर्ण वेल्ड. रॉड तुम्ही पत्र्याच्या डब्यात ठेवता, आत बल्ब चालू, पावसाळ्यात दमट रॉडने वेल्डमध्ये भोकं पडतात म्हणून. आणि वेल्ड झाल्यावर मी उत्साहाने पाण्याची बादली पुढे केली तर तुम्ही माझा हात धरलात. आपोआप थंड होऊ दे, पाणी मारलं तर कडक होऊन तडकेल. आम्ही तासभर बसून राहिलो. त्या तासात तुम्ही तुमच्या वडिलांच्या भात्याबद्दल सांगितलंत, तुम्ही लहानपणी तो भाता ओढायचात ते.

खाली त्रिकोणी आधाराची पट्टी का लावली ते मला घरी कागदावर मांडल्यावर कळलं. माझं वजन ७८ किलो. तेच वजन पिनेपासून ५ सेंटीमीटरवर आणि १० सेंटीमीटरवर पडलं तर मुळाशी येणारा जोर दुप्पट होतो, वर गाडी दगडावरून आपटली की तेवढ्या क्षणापुरतं ७८ चं किती होत असेल. तुम्ही कागद घेतला नाहीत, पण पट्टी बरोबर त्याच जागी लावलीत. शेवटी गाडी स्टँडवर घेऊन तुम्ही स्वतः एका पेगवर चढलात, दोन्ही पायांनी, आणि तीन उड्या मारल्यात. मग म्हणालात, आता तू चढ.

९०० रुपये घेतलेत दोन्ही पेगचे. मी जास्त देत होतो, तुम्ही घेतले नाहीत.

आता त्यानंतरचं सांगतो. पेग खाली आल्यामुळे गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल पण तेवढंच खाली घ्यावं लागलं, ते मी घरी केलं. हायवेला रबर नसल्यामुळे तळपायाला थोड्या मुंग्या येतात, ८० च्या वर जास्त, आणि मऊ सोलचे बूट दाते खाऊन टाकतात, माझा एक जोड गेला, ऑफिसला पण आता जाड सोलचेच घालतो. पण डोंगरात फरक किती पडलाय ते शब्दात सांगता येत नाही. पूर्वी उभा राहिलो की हँडलला लटकायचो. आता वजन पायावर राहतं, गुडघे आणि घोटे धक्के खातात, गाडी खाली हवी तशी हलते आणि हात मोकळे राहतात. रायरेश्वराच्या पायथ्याचा कच्चा रस्ता, ताम्हिणीतले खड्डे, सगळीकडे पायाखाली काहीतरी पक्कं आहे असं वाटतं.

आणि ऑगस्टच्या शेवटी मी पडलो. वेग काही नव्हता, शेवाळावरून मागचं चाक घसरलं आणि गाडी उजवीकडे दगडावर आडवी झाली. माझा बूट गाडीखाली होता. पेग दगडाला लागला आणि टप्कन वर दुमडला, पाय बाहेर ओढला, गाडी उचलली, पेग परत जागेवर आला. कोपऱ्यावर नखाएवढा ओरखडा, बाकी काही नाही. मी तिथेच पावसात बसलो आणि मला तुमचं "नाही मारणार" आठवलं. त्या संध्याकाळी तुम्ही माझं ऐकलं असतं तर तो पाइप दुमडला नसता. घरी आईला हे सांगितलं, ती काही बोलली नाही, देवापाशी दिवा लावून आली, आणि म्हणाली त्या माणसाला भेटून ये.

ज्यांना असे पेग करून हवेत त्यांच्यासाठी एवढंच, कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे घाई करू नका, पेग काढून घेऊन जा, गाडीवर लावून वेल्ड करायचं नाही, नाहीतर गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं. आणि काकांकडे जाणार असाल तर पेरणीच्या दिवसात जाऊ नका, तेव्हा शेतकऱ्यांची अवजारं आधी.

काका, महिन्याने दाखवायला ये म्हणाला होतात, मी आलोच नाही, माफ करा. डाव्या पेगची टाच थोडी बसलीये, तीन-चार एमएम खाली लोंबतोय, एक थर चढवावा लागेल असं वाटतंय. खंडेनवमीला तुम्ही मशीनची पूजा करता तेव्हा शेड बंद असतं माहितीये, कामासाठी नाही येत त्या दिवशी. आईला घेऊन येतोय, बसने, नसरापूर मार्गे. काकूंना सांगा जेवण नको, आई पुरणपोळ्या आणणार आहे. पेग पिशवीत घेऊन येईन, तो दसरा झाल्यावर सवडीने बघा.

तुमचा,
कोरा चहा पिणारा पुण्याचा मुलगा