सायकलची सीट मापाने घ्या

महोदय,

ऑफिसला जाण्यासाठी हौसेने घेतलेली सायकल महिन्याभरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडते. दोष रहदारीला दिला जातो, पण बऱ्याचदा त्रास असतो तो सीटचा आणि हँडलच्या उंचीचा.

दुकानात दर्शनी भागात गुट्ट्यांचे जाड टायर आणि शॉकॲब्सॉर्बर असलेल्या सायकली मांडलेल्या असतात. रोजच्या पाच-सात किलोमीटर डांबरी रस्त्याला त्यांचा उपयोग नाही. स्वस्त शॉकॲब्सॉर्बर वजन वाढवतात आणि पायडलवर दिलेला जोरही खातात. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर आणि सीटपेक्षा चार-पाच सेंटीमीटर उंच हँडल असलेली साधी सायकल घ्यावी. तिच्यावर पाठ ताठ राहते, मान अवघडत नाही, मागून येणारी वाहने सहज पाहता येतात.

मात्र पाठ जितकी सरळ, तितका शरीराचा भार सीटवर जास्त. पुढे वाकून चालवणाऱ्याचा काही भार हातांवर जातो, म्हणून त्याला अरुंद सीट चालते. सरळ बसणाऱ्याला तीच टोचते. माप घरीच काढता येते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर ताठ बसावे, गुडघे थोडे वर उचलावेत. बैठकीच्या हाडांचे दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतरात साधारण चार सेंटीमीटर मिळवले की सीटच्या मागच्या भागाची रुंदी मिळते. फार रुंद सीटही नको, मांड्या घासतात.

बोटाने दाबून मऊ लागली म्हणून सीट घेऊ नये. जेलच्या गादीत हाडे रुततात, मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाब पडतो आणि मुंग्या येतात. घट्ट फोम आणि खाली स्प्रिंगा, हे आपल्या खड्ड्यांना योग्य. चामड्याची सीट उत्तम, पण पावसात झाकलीच पाहिजे; भिजल्यावर तशीच वापरली तर ती झोळ धरते.

पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ व्हावा, ही सीटची उंची. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हलका बाक राहतो. बसल्या बसल्या दोन्ही पाय पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली घेतली की गुडघे दुखतात. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभे राहावे. सीटचे नाक जमिनीला समांतर हवे. खाली झुकले तर माणूस पुढे घसरतो आणि मनगटे भरून येतात. सीटच्या दांड्यावरील किमान खोलीची खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. नव्या सीटचे नट आठवड्याभरात सैल होतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत.

हँडल किती वर घेता येईल, हे खरेदीपूर्वीच विचारावे. काही नव्या सायकलींत ते नुसता बोल्ट सैल करून वाढत नाही.

दुकानदारांना विनंती आहे, की ग्राहकाला गल्लीतल्या एका फेरीऐवजी वीस मिनिटे सायकल चालवू द्यावी आणि दोन-तीन रुंदीच्या सीट बदलून पाहण्यासाठी ठेवाव्यात.

– एक सायकलस्वार, पुणे